झाड आणि उजेड, लेखांक ५ : फुलणं ठरतं रात्रीवर

पान उजेडापासून अन्न कसं तयार करतं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. उजेडाचं दुसरं काम वेगळंच आहे. फुलायचं केव्हा, हेही अनेक झाडं त्याच्यावरूनच ठरवतात.

कुंडीतली शेवंती घ्या. पानं हिरवीगार, फुटवे भरपूर, खतपाणी वेळेवर. तरी दिवाळी उलटली आणि कळीचा पत्ता नाही. अशा वेळी आणखी खत घालू नये. रात्री कुंडीवर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडतो का, ते आधी बघावं.

या कोड्याची उकल अमेरिकेत तंबाखूच्या शेतात सुरू झाली. ‘मेरीलँड मॅमथ’ नावाचं वाण उन्हाळाभर नुसतं उंच वाढायचं, फुलायचं नाही. मग बी धरणार कसं? हिवाळ्यात काचघरात मात्र त्याला फुलं यायची. तिथल्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी जुलै १९१८मध्ये काही कुंड्या रोज दुपारी चारला अंधाऱ्या खोपटात ठेवायला आणि सकाळी नऊला बाहेर काढायला सुरुवात केली. भर उन्हाळ्यात तंबाखू फुलला! १९२०मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. झाड दिवसाची लांबी ओळखतं, असा त्याचा अर्थ लावला गेला.

तो अर्थ अपुरा होता. १९३८मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी शंकेश्वरावर प्रयोग केले. रानातून फिरून आल्यावर कपड्यांना ज्याची काटेरी फळं चिकटतात, तेच हे झाड. साधारण साडेआठ तासांहून मोठी रात्र मिळाली की ते फुलतं, आणि त्याला अशी एकच रात्र पुरते. दिवसा मध्येच अंधार केला तर काही बिघडत नाही. पण लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ दिवा लावला, तर फूल येत नाही. म्हणजे झाड मोजतं ती रात्र, आणि तीही अखंड. मला हा सगळ्या वनस्पतिशास्त्रातला अत्यंत देखणा प्रयोग वाटतो.

हा उजेड टिपतं पानातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य. तांबड्या उजेडात त्याचं एक रूप बनतं, त्याहून लांब लहरींच्या अतितांबड्या उजेडात ते पुन्हा पहिल्या रूपात येतं. या रूपांची सांगड झाडाच्या आतल्या घड्याळाशी असते. रात्र पुरेशी लांब झाली की पानात एक प्रथिन तयार होऊन शेंड्याकडे जातं, आणि तिथे पानाऐवजी कळी धरते.

आपल्याकडे दिवसरात्रीतला फरक फार नाही. पुण्यात सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान अकराचा. तेवढाही पिकांना पुरतो. पाऊस लांबून सोयाबीनची पेरणी उशिरा झाली, की रात्री लवकर मोठ्या होत गेल्यामुळे पीक पुरतं वाढण्याआधीच फुलावर येतं.

पॉलिहाऊसमधले शेवंतीवाले हेच ज्ञान रोज वापरतात. दांडा हवा तेवढा लांब होईपर्यंत मध्यरात्रीच्या सुमारास काही तास बल्ब लावून ते कळी थोपवतात. मग दिवे बंद करतात आणि दिवस मोठे असतील तर संध्याकाळीच काळं कापड ओढतात. ड्रॅगन फ्रूटचं याच्या उलट. त्याला छोटी रात्र लागते, म्हणून सांगली-सोलापूरकडे हिवाळ्यात काही बागांत रात्री एलईडी दिवे लावून बिगरहंगामी फुलं धरतात.