वाफ दाबली की काय होतं?

बाष्पसंपीडक (वाफ दाबणारं यंत्र) उष्णता तयार करतो, असा समज सर्रास आढळतो. खरं तर तो मुख्यतः हाताशी असलेलीच उष्णता वरच्या तापमानाला नेतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाची नळी तापते, तसं दाबामुळे वाफेचं तापमान चढतं. 100 अंशांची वाफ दुप्पट दाबाला नेली, की ती सुमारे 120 अंशांना पाणी होते आणि सुप्त उष्णता (वाफ होताना शोषलेली ऊर्जा) सोडते. दूध आटवताना निघालेलीच वाफ अशी दाबून पुन्हा दूध आटवायला वापरतात. वीज लागते ती दाबण्यापुरती.

मात्र चढ जितका मोठा, तितकी वीज जास्त. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राच्या शीतकरण मनोऱ्यांतून प्रचंड उष्णता बाहेर पडते, पण ती जेमतेम 40 अंशांच्या आसपासची. तिथून 120 अंशांपर्यंत चढवणं फार महाग पडतं.