मेंदूभोवतीचे तीन पदर

कवटीचे हाड संपले की लगेच मेंदू सुरू होत नाही. मध्ये तीन आवरणे असतात आणि तीच खाली मज्जारज्जूभोवतीही उतरतात. बाहेरून आत त्यांची नावे दृढतानिका, जालतानिका आणि मृदुतानिका.

दृढतानिका चामड्यासारखी चिवट असते. कवटीला ती आतून चिकटलेली असते आणि तिचाच एक विळ्याच्या आकाराचा पडदा मेंदूच्या दोन अर्धगोलांमध्ये उतरतो. गंमत अशी, की मेंदूच्या पेशीजालाला वेदना कळत नाही, या आवरणाला मात्र कळते. जालतानिका कोळ्याच्या जाळ्यासारखी तलम, तर मृदुतानिका मेंदूच्या प्रत्येक घडीत शिरून त्याला बिलगलेली असते.

खरे महत्त्व या शेवटच्या दोन पदरांमधल्या पाण्याला आहे. मोठ्या माणसात हा द्रव एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो. दिवसाला जवळपास ५०० मिलिलिटर नवा तयार होतो आणि जुना रक्तात शोषला जातो. सुमारे १,४०० ग्रॅमचा मेंदू त्यात तरंगतो, म्हणून त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅम उरतो. एरवी तो स्वतःच्याच वजनाने तळाशी दबला असता.

डोक्याला मार लागल्यावर रक्त नेमक्या कोणत्या पदराशी साचले, यावर पुढचे बरेच काही ठरते. कवटी आणि दृढतानिका यांच्यामध्ये धमनी फुटली, तर शुद्धीवर येऊन नीट बोलणारा माणूस काही तासांत पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो. दृढतानिकेच्या आतल्या बाजूला शिरेतून हळूहळू झिरपणारे रक्त म्हाताऱ्या माणसांत कधी कधी काही आठवड्यांनी लक्षात येते. तोवर किरकोळ पडणे घरचे विसरूनही गेलेले असतात.

या आवरणांना जंतुसंसर्ग झाला की मेंदूज्वर होतो. ताप, असह्य डोकेदुखी आणि मान ताठ होणे ही त्याची ओळख. जिवाणू, विषाणू की क्षय, हे ठरवायला पाठीतले पाणी सुईने काढून तपासावे लागते. ही पद्धत जर्मन वैद्य हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये रूढ केली. सुईने लकवा होईल या धास्तीने नातेवाईक बरेचदा नकार देतात. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, आवरणांची पिशवी मात्र आणखी खाली जाते, आणि सुई टोचतात ती तिसऱ्या मणक्याखाली. तिथे मज्जारज्जू नसतोच. असतात ते पाण्यात सैल तरंगणारे मज्जातंतू. डॉक्टरांनी ही तपासणी सुचवली, तर केवळ या भीतीपोटी ती टाळू नये.