हातची भेट

बारसें, मुंज, लग्न, साठीशांत किंवा भाऊबीज, प्रसंग कोणताही असो, घरोघर एकच प्रश्न ऐकूं येतो : ‘काय द्यावें?’ आणि त्याचें उत्तरही बहुधा ठरलेलेंच असतें. कोणी बाजारांत जातो, कोणी घरबसल्या मोबाइलवरून वस्तु मागवितो, आणि ज्यांना तेवढीही सवड नसते ते पाकिटांत नोटा घालून मोकळे होतात. यांत वाईट कांहींच नाहीं. नव्या संसाराला पैशाचा उपयोग होतो, आणि दुकानची वस्तु सुबकही असते. परंतु पंचवीस वर्षांनंतर कपाट आवरतांना जी वस्तु हातीं लागतांच माणूस आवराआवर विसरून खालीं बसतो, ती बहुधा कोणीतरी आपल्या हातानें केलेली असते. अशा हातच्या भेटीविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

संस्कृताच्या अध्यापनांत आमचें आयुष्य गेलें. तेव्हां असा विषय निघाला कीं आमचें मन साहजिकच कालिदासाकडे धांव घेतें. ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकांत शकुंतला सासरीं जावयास निघते. त्या वेळीं तपोवनांतील वृक्षांनीं तिला वस्त्रें व अलंकार दिले, ही गोष्ट सर्वांच्या लक्षांत राहते. पण त्याआधींचा एक लहानसा संवाद पुष्कळांच्या नजरेंतून निसटतो. अनसूया प्रियंवदेला सांगते कीं, त्या आंब्याच्या फांदीला नारळाच्या करवंटीची डबी टांगलेली आहे. तींत बकुळीची माळ आहे. आणि ती आपण ह्याच प्रसंगासाठीं जपून ठेविली आहे. माळ बकुळीचीच कां? जाईजुईचीं फुलें दुसऱ्या दिवशीं कोमेजतात. बकुळ वाळली तरी तिचा वास जात नाहीं. मैत्रीण एक दिवस आपल्याला सोडून जाणार हें अनसूयेला ठाऊक होतें. तो दिवस कोणता, हें मात्र ठाऊक नव्हतें. म्हणून तिनें टिकणारें फूल निवडलें. वृक्षांनीं दिलेले अलंकार मोलाचे खरे. परंतु शकुंतलेच्या निरोपाचा विचार कितीतरी दिवस आधीं करून ठेवणारी अनसूयाच. हातच्या भेटीचें मर्म आम्हांस येथें सांपडतें. आपण समोर नसतांना कोणीतरी आपली आठवण काढीत बसलें होतें, याचा तो पुरावा असतो.

ही माळ आजही कोणासही करतां येईल. बहराच्या दिवसांत पहांटे झाडाखालीं पडलेलीं फुलें वेंचावीं; फांदीला हात लावण्याचें कारणच नाहीं. गळलेल्या फुलाच्या मध्यभागीं आपोआप भोंक असतें, त्यामुळें लहान मुलालाही सुईवांचून तीं ओंवतां येतात. दोरा नसेल तर केळीच्या सोपाचा धागा चालतो. माळ सावलींत वाळवावी, मग कोरड्या डबींत घालून द्यावी, आणि कपड्यांच्या घडींत ठेवण्यास सांगावें. खर्च कांहींच नाहीं. मात्र पहांटे उठावें लागतें.

आधुनिक काळांतीलही एक उदाहरण देण्याजोगें आहे. १९४२ सालीं मार्च महिन्यांत इंदिराजींचा विवाह अलाहाबादेस, म्हणजे आजच्या प्रयागराजेस, झाला. त्या वेळीं त्या जी गुलाबी खादीची साडी नेसल्या होत्या, तिचें सूत पंडित जवाहरलाल नेहरूंनीं तुरुंगांत कातलेलें होतें. त्या घराला भरजरी शालू विकत घेण्याची अडचण नव्हती. परंतु तुरुंगांत असलेल्या बापाजवळ देण्यासारखा वेळ होता, आणि तोच त्यानें मुलीला दिला.

आतां एक आमच्या घरची गोष्ट सांगतों. ती सांगतांना आम्हांस संकोच वाटतो. पण ती गाळून ह्या विषयावर उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

मॅट्रिकची परीक्षा उतरल्यावर आम्ही अध्यापक विद्यालयांत शिकण्यासाठीं शहरांतील वसतिगृहांत राहावयास निघालों. वडील वारल्याला तेव्हां वर्षही झालें नव्हतें. निघतांना आईनें ट्रंकेवर एक गोधडी बांधून दिली आणि ‘थंडीची अंगावर घेत जा रे,’ एवढेंच म्हणाली. वसतिगृहांतील इतर मुलांजवळ सोलापुरी चादरी होत्या. एकाजवळ तर नवा कोरा रग होता. आमच्या गोधडीवर मात्र विटलेल्या लुगड्यांचे तुकडे आणि मधून मधून धोतराच्या पांढऱ्या पट्ट्या! एकदोघे हंसले. आम्हीं ती ट्रंकेच्या मागें दडविली, आणि शिष्यवृत्तीचे पहिले पैसे हातीं येतांच चादर विकत घेऊन गोधडी वसतिगृहाच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यास देऊन टाकली. वर, आपण दान केलें, असें समाधानही मानून घेतलें! कठोपनिषदांत नचिकेत्याचा पिता दूध आटलेल्या, म्हाताऱ्या गाई दान करूं लागतो, तो भाग पुढें जेव्हां जेव्हां वाचला, तेव्हां तेव्हां आम्हांस ही गोधडी आठवली.

नाताळच्या सुट्टींत घरीं गेलों. रात्रीं जेवणें आटोपल्यावर आईनें सहज विचारलें, ‘गोधडीची ऊब लागते ना रे?’ आम्ही ‘हो’ म्हणालों. तिनें पुन्हा कधीं विचारलें नाहीं.

आई गेली त्याला आज बरींच वर्षें झालीं. तिच्या तेराव्याला मावशी आली होती. बोलतां बोलतां ती म्हणाली, ‘अरे, तुझी ती गोधडी आहे ना कुठें जपून? तींत भावोजींचें धोतर होतें. तुझ्या मुंजींत नेसले होते तें. आणि ताईचें लग्नांतलें लुगडें. दिवसा तिला सवड कुठली? रात्रीं दिव्यापाशीं बसून शिवायची. मी म्हटलें, पोराला सांग तरी काय काय घातलंस तें. तर म्हणाली, सांगून दिलं कीं त्याला ओझं होईल; नुसती ऊब पुरे.’

त्यावर आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं. पुढें एकदां मुद्दाम त्या वसतिगृहांत जाऊन चौकशी केली. त्या पहारेकऱ्याचें नांवही तेथें कोणाला आठवत नव्हतें.

आईचें म्हणणें थोर मनाचें होतें, यांत शंका नाहीं. तरीही आज साठी उलटल्यावर आम्ही तें मान्य करूं शकत नाहीं. सोळा वर्षांच्या मुलाला कापड वाचतां येत नाहीं; त्याला अक्षर वाचतां येतें. म्हणून आमचें वाचकांस, आणि विशेषतः वाचक-भगिनींस, सांगणें आहे कीं, हातानें कांहीं करून द्याल तेव्हां त्याची हकीकत त्याबरोबर लिहून द्या. फार नको, दोन ओळी पुरेत. कशाचें केलें, केव्हां केलें, कोणासाठीं केलें. यांत बढाई नाहीं. घेणाराच्या हातून अजाणतां अपराध घडूं नये, एवढाच हेतु आहे.

आतां कृतीकडे वळूं. बाळाचें दुपटें ही सर्वांत सोपी व उपयोगी वस्तु होय. घरांतील जुनें, धुऊन धुऊन मऊ झालेलें सुती कापड घ्यावें. नायलॉन किंवा पॉलिएस्टर घेऊं नये, कारण तें ओल शोषून घेत नाहीं. कापड उजेडासमोर धरून विरलेला भाग कापून टाकावा, ऊन पाण्यानें स्वच्छ धुवून कडक उन्हांत वाळवावें. सुमारें एक मीटर लांब व तितकेंच रुंद असे तीन थर पुरतात : वर-खालीं लुगड्याचे मऊ थर व मध्यें धोतर. जमिनीवर सतरंजी टाकून तीवर हे थर पसरावे, मधून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढाव्या, आणि प्रथम लांब लांब कच्चे टांके घालावे. मग कडा आंत दुमडून दोन दोन बोटांच्या अंतरानें धांवदोऱ्याच्या ओळी घालीत जावें. गांठी थरांच्या आंत दडवाव्या. शोभेसाठीं टिकल्या, मणी, आरसे किंवा गुंड्या लावण्याचा मोह होतो, तो आवरावा; कारण बाळाच्या हातीं आलेली प्रत्येक वस्तु तोंडांत जाते. दुपटें मांडीवर घेतांना किंवा अंगाखालीं घालण्यास वापरावें. निजलेल्या तान्ह्या बाळाच्या तोंडावर येईल असें सैल पांघरूण घालूं नये, असें डॉक्टर सांगतात, तें योग्यच आहे. कच्चे टांके शेवटीं उसवून टाकावे, आणि एका कोपऱ्यांत रंगीत दोऱ्यानें हकीकत लिहावी.

ज्यांना सुई धरण्याची सवय नाहीं अशा पुरुषांसाठीं व मुलांसाठीं वही हें उत्तम काम आहे. आठ मोठे कागद एकत्र घेऊन मधोमध दुमडले कीं सोळा पानांची, म्हणजे बत्तीस पृष्ठांची, वही होते. वर जुन्या दिनदर्शिकेचा किंवा लग्नपत्रिकेचा जाड कागद वेष्टनासाठीं घ्यावा. घडीवर सारख्या अंतरानें तीन भोंकें टोंचावीं. दोरा मधल्या भोंकांतून आंतून बाहेर काढावा, वरच्यांतून आंत न्यावा, आंतल्या बाजूनें सरळ खालच्या भोंकापर्यंत नेऊन तेथून बाहेर काढावा, आणि पुन्हा मधल्यांतून आंत आणावा. दोन्ही टोंकांची गांठ आंतील लांब टांक्यावर मारावी. झाली वही!

पण कोरी वही दुकानांतही मिळते. तींत काय लिहावें हाच विचार खरा मोलाचा. मुलगी परदेशीं जात असेल तर आजीला बोलतें करावें, आणि तिचें लिंबाचें लोणचें, गोडा मसाला, पुरणपोळी यांच्या कृति तिच्याच शब्दांत उतरून घ्याव्या. आजी ‘अंदाजानें मीठ’ म्हणाली तर तसेंच लिहावें, व समोर आपण मोजून काढलेलें माप द्यावें. आजोबांची दृष्टि मंद झाली असेल तर त्यांचें रोजचें स्तोत्र बोटभर उंचीच्या, काळ्याभोर अक्षरांत लिहून द्यावें. एका पृष्ठावर दोनच ओळी आल्या तरी चालेल. आणि शेवटचीं कांहीं पानें कोरीं ठेवावीं, म्हणजे घेणाराला स्वतःचें लिहावयास जागा राहते.

संक्रांतीचा हलवा ही तर आपल्या घरांतील जुनी विद्याच. परातींत तीळ किंवा खसखस घेऊन, मंद आंचेवर, साखरेचा पाक थोडा थोडा घालीत बोटांनीं हालवीत बसावें लागतें. घाई केली, पाक एकदम ओतला, कीं दाणे चिकटून गोळा होतो. धीर धरला तर हळूहळू कांटा फुलतो. अशा हलव्याचे दागिने करून नव्या सुनेचा पहिला संक्रांतसण किंवा बाळाचें बोरन्हाण साजरें करावयाचें. तो दागिना दोन दिवसांत मुलांच्या पोटांत जातो, हें खरें. म्हणून तो करणारीचे कष्ट व्यर्थ गेले असें आम्हांस वाटत नाहीं. काळ्या साडीवर तो लेऊन बसलेली सून, तो कोणी केला हें जन्मभर सांगते. ज्यांचे हात आतां थरथरतात अशा वृद्ध स्त्रियांनाही कापसाच्या वाती वळतां येतात. त्या वातींची जुडी लेकीच्या देवघरांत गेली कीं रोज सायंकाळीं आईचें स्मरण होतें.

ही सर्व कामें थोड्या थोड्या वेळानें होणारीं आहेत. रोज रात्रीं अर्धा तास द्यावा, आणि प्रसंगाच्या दोन महिने आधीं आरंभ करावा. अनसूयेनें केलें तेंच हें.

शेवटीं आमच्याच हातच्या कामाविषयीं सांगून हा लेख संपवितों. गेल्या वर्षीं आम्हांस नात झाली. दुपटें आपणच शिवावयाचें असें आम्हीं ठरविलें व सुई हातीं घेतली. पहिल्या दोन ओळी पाहून घरांतून शेरा आला, ‘अहो, हे टांके आहेत कीं मोडी अक्षरें?’ दोन ओळी उसवल्या, पुन्हा घातल्या. दुपट्याच्या वरच्या थराला आईचें शेवटचें लुगडें आहे, खालीं नातीच्या आजीची साडी आहे. मधल्या थराला वडिलांचें धोतर असावयास हवें होतें. तें आमच्याजवळ नाहीं. कां नाहीं, हें वर सांगितलेंच आहे. तेथें आम्हीं आमचें स्वतःचें धोतर घातलें. कोपऱ्यांत तांबड्या दोऱ्यानें लिहिलें : ‘पणजीचें लुगडें, आजीची साडी, आजोबांचें धोतर. टांके आजोबांचे.’

नात अजून रांगते आहे. वाचावयास शिकली कीं तो कोपरा तिच्याकडूनच मोठ्यानें वाचवून घ्यावयाचा, असें आम्हीं तिच्या आईला बजावून ठेविलें आहे.