बेसची पाचवी तार आणि हाताला बसणारी नेक

भीमजयंती जवळ आली की दापोडी-बोपोडीपासून ताडीवाला रोड, येरवड्यापर्यंत वस्त्यावस्त्यांतून गाण्यांच्या तालमी सुरू होतात. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे यांच्या काळात पेटी, ढोलकी, टाळ एवढ्या साहित्यावर रात्र जागत असे. पुढे कॅसेटचे दिवस आले, ऑर्केस्ट्रा आला आणि त्याच्याबरोबर बेस गिटारही आली. स्टेजच्या मागच्या अंगाला उभा असलेला तो वादक कुणाच्या फारसा नजरेत भरत नाही. पण तो थांबला की गाणे पोकळ वाटू लागते. ढोलकीची धुम जसा गाण्याला पाया देते, तसाच आधार बेस सुरांचा देते.

आज वस्तीतली मुले-मुली हे वाद्य शिकू पाहतात. घरचे लोक पोटाला चिमटा काढून पैसे उभे करतात. अशा वेळी वाद्य हाताला बसले नाही, तर पैसाही जातो आणि पोराची उमेदही जाते. म्हणून वाचकहो, दुकानात पाऊल टाकण्याआधी थोडे समजून घेऊ या.

पाचवी तार कशाला?

लिओ फेंडर यांनी १९५१ साली अमेरिकेत जी बेस गिटार बाजारात आणली, तिला चार तारा होत्या : ई, ए, डी, जी. यातला सर्वांत खालचा सूर ई, म्हणजे पेटीवरची पांढरी तीन. आता आपले अनेक पुरुष गायक काळी एक किंवा काळी दोनमध्ये गातात. त्यांचा खर्जातला सा चार तारांच्या बेसवर मिळतच नाही; वादकाला तो वरच्या सप्तकात वाजवावा लागतो. पाच तारी बेसवर खाली बी ही जाड तार असते. तिच्या दुसऱ्या पडद्यावर काळी एक आणि चौथ्या पडद्यावर काळी दोन मिळते. आपल्या गाण्यासाठी पाचवी तार म्हणजे चैन नव्हे, ती सोय आहे.

नेक रुंद का होते?

तार वाढली की दांडी, म्हणजे नेक, रुंद होते. डोक्याजवळ तारा ज्या खाचांतून जातात, त्या पट्टीला नट म्हणतात. चार तारी बेसचा नट साधारण ३८ ते ४२ मिलिमीटर असतो. पाच तारीचा बहुधा ४५ ते ४८. फरक बोटाएवढाही नाही. पण लहान पंजाच्या वादकाला जाड तारेपर्यंत पोहोचताना मनगट मुडपावे लागते आणि तासाभरात हात भरून येतो.

अरुंद नेकचे पाच तारी बेस मिळतात. आयबानेझच्या एसआर मालिकेत ४५ मिलिमीटर नट आणि पातळ नेक असते. यामाहाच्या टीआरबीएक्स मालिकेतील पाच तारीचा नट ४३ मिलिमीटर आहे, म्हणजे चार तारीच्या अगदी जवळ. तरीही केवळ नट पाहून भुलू नये. नेकची जाडी आणि घोड्याजवळचे तारांमधले अंतरही पाहावे. हे अंतर काही बेसवर १९ मिलिमीटर असते, काहींवर साडेसोळा. दिवसभर हातोडी किंवा थापी धरणाऱ्या जाड बोटांच्या माणसाला साडेसोळात उजव्या हाताची अडचण होते. तेव्हा अरुंद ते सगळ्यांनाच चांगले, असे मुळीच नाही.

दुकानात काय पाहावे?

लक्ष्मी रस्ता, कॅम्प भागात चौकशी करावी. तेथे मनासारखे मिळाले नाही तर मुंबईला धोबी तलावचे १८६५ पासूनचे फुर्टाडोज आहे. सीएसएमटीला उतरून चालत जाता येते. जाताना खिशात मोजपट्टी ठेवावी. नट, बाराव्या पडद्याजवळची रुंदी आणि घोड्याजवळचे अंतर स्वतः मोजावे. पट्टा लावून, उभे राहून किमान पंधरा मिनिटे वाजवावे. बसून वाजवलेले आणि स्टेजवर उभे राहून वाजवलेले यात फार फरक पडतो. बी तार पडद्यापडद्यावर दाबून पाहावी. ती खरखरत असेल किंवा सूर बसका येत असेल, तर घेण्याची घाई करू नये. दुकानदाराचा भिडस्तपणा धरू नये, पैसा आपल्या कष्टाचा आहे.

चार तारांतही मार्ग आहे

जवळ चार तारी बेस असेल, तर लगेच नवी घेण्याची गरज नाही. पाच तारांच्या संचातल्या जाड चार तारा लावून ती बी, ई, ए, डी अशी मिळवता येते. नेक तीच अरुंद राहते, खर्ज मिळतो. फक्त वरची जी तार जाते, आणि बेसच्या कामात तिची उणीव फारशी भासत नाही. मात्र बी तार सुमारे ३.३ मिलिमीटर जाड असते, म्हणून नटची खाच रुंद करावी लागते आणि नेकचा ताणही पाहून घ्यावा लागतो. हे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. आणखी एक गोष्ट : काळी एकचा तो खर्ज सेकंदाला जेमतेम ३५ कंपनांचा असतो. छोट्या स्पीकरमधून तो नीट उमटत नाही. सगळे पैसे गिटारीत घालून स्पीकरला काहीच न उरले, तर पाचवी तार वाजूनही कुणाला ऐकू येणार नाही.

मुलींसाठी दोन शब्द

"बेस हे पोरींचे काम नव्हे, हात पुरत नाही," असे सर्रास म्हटले जाते. मुंबईची मोहिनी डे लहानपणी वडिलांकडून बेस शिकली आणि ए. आर. रहमान यांच्यासोबत जगभर वाजवून आली. हाताचा आकार बदलता येत नाही, वाद्य मात्र निवडता येते. अंगठा नेकच्या पाठीमागे ठेवावा, मनगट सरळ ठेवावे, पट्टा आखूड बांधावा. बोटांना मुंग्या आल्या किंवा मनगट दुखू लागले, तर त्या दिवशी वाद्य खाली ठेवावे.

मंडळांनीही एक विचार करावा. एकेका घराने कर्ज काढण्यापेक्षा मंडळाच्या वर्गणीतून एक चांगला बेस घेतला, तर वर्षभर चार-पाच मुले त्यावर शिकतील. मात्र तो निवडताना ज्याच्या हाती वर्गणीची पावती त्याला नव्हे, तर ज्या मुलांनी वाजवायचा त्यांनाच दुकानात पुढे करावे.