बदकाच्या आतड्यातून गाईच्या सडात

२०२४च्या सुरुवातीला अमेरिकेत टेक्सासमधल्या काही गोठ्यांत गाईंचं दूध एकदम आटलं. जे थोडंफार आलं ते पिवळसर, घट्ट, चिकासारखं. गाय व्यालेली नाही, मग चीक कुठला? पशुवैद्यांनी गाईंची नेहमीची दुखणी तपासली, काही हाती लागेना. कोडं सुटलं ते गोठ्यातल्या मांजरांमुळे. एका गोठ्यातली, आजारी गाईंचं कच्चं दूध प्यायलेली निम्म्याहून अधिक मांजरं मेली आणि त्यांच्या मेंदूत बर्ड फ्लूचा विषाणू सापडला, एच५एन१. कोंबड्यांचा कर्दनकाळ थेट गाईच्या कासेत!

आणि कासेतच का? तर दूध बनवणाऱ्या पेशींवर या विषाणूला चिकटायला हवी तशी साखर भरपूर असते. पुढचं काम माणसाच्या यंत्राने केलं. दूध काढायचे कप एका गाईच्या सडांवरून दुसरीच्या सडांवर चढत गेले, गाई ट्रकमधून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेल्या, विषाणूही बरोबर गेला. गोठ्यातल्या कामगारांचे मुख्यतः डोळे लाल झाले. यालाही कारण आहे, ते पुढे येईलच. दूध तापवलं की हा विषाणू मरतो, त्यामुळे उकळल्याशिवाय दूध ओठाला न लावणारी आपली आजी इथे शंभर टक्के बरोबर.

मूळ मालक कोण?

रानटी बदकं आणि त्यांचे पाणथळीतले सोयरे. विषाणूच्या अंगावरच्या दोन प्रथिनांवरून त्याचं नाव ठरतं, ‘एच’ आणि ‘एन’. पाणपक्ष्यांत एचचे किमान १६ आणि एनचे ९ प्रकार सापडलेत. वटवाघळांचे दोन-दोन वेगळेच. आपला फ्लू नाकात आणि घशात, बदकाचा मुख्यतः आतड्यात. बदक बहुधा ठणठणीत असतं, पोहता पोहता विष्ठेतून तळ्यात विषाणू सोडत जातं.

या आतड्यातून माणसाच्या नाकात येणं मात्र सोपं नाही. पक्ष्याच्या शरीराचं तापमान चाळीस-एक्केचाळीस अंश, आपलं नाक तेहतिसाच्या आसपास. एवढ्या गारठ्यात पक्ष्यांच्या विषाणूचं नकला काढायचं यंत्र मंदावतं. त्या यंत्राच्या एका भागात ७५९ अमिनो आम्लांची माळ असते. त्यातलं ६२७वं बदललं, एकच, की सस्तन प्राण्याच्या पेशीत यंत्र धडधडू लागतं. दुसरी अडचण पकडीची. पेशीवरची साखर पक्ष्यांत एका पद्धतीने जोडलेली असते, आपल्या नाकात-घशात दुसऱ्या. पक्ष्यांसारखी जोडणी आपल्याकडे फुप्फुसात खोलवर असते आणि, हो, डोळ्यांवर. कामगारांचे डोळे लाल का झाले, ते आता कळलं असेल.

डुकरांवर उगाच आळ

फ्लूची जनुकं एकाच धाग्यावर नसतात, आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू शिरले तर दोन जोड एकत्र पिसल्यासारखे पत्ते मिसळतात आणि नवाच डाव वाटला जातो. १९५७च्या साथीच्या विषाणूत तीन पत्ते पक्ष्यांचे होते, १९६८च्या विषाणूत दोन. डुकराच्या श्वासमार्गात दोन्ही पद्धतींची साखर असते, म्हणून तिथे हा डाव रंगतो. २००९चा ‘स्वाइन फ्लू’ असाच जुळला. अमेरिकेतल्या डुकरांचा विषाणू, ज्यात आधीच पक्षी, माणूस आणि डुक्कर असे तिघांचे तुकडे होते, त्यात युरोप-आशियातल्या डुकरांचे दोन तुकडे मिसळले. भारतातला त्याचा पहिला बळी पुण्यात गेला, ऑगस्ट २००९मध्ये, आणि शहर रातोरात तोंडाला रुमाल बांधून फिरू लागलं.

इजिप्तने तर देशातली सुमारे तीन लाख डुकरं मारायचा हुकूम काढला. तोवर तिथे या फ्लूचा एकही रुग्ण नव्हता. डुकरं गेली आणि कैरोत ओला कचरा साचू लागला, कारण तो खाऊन संपवणारी तीच होती. उलट पुढे माणसांनीच हा विषाणू डुकरांना दिला, आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. हे १९१८च्या फ्लूच्या महासाथीतही दिसलं होतं. आयोवातले पशुवैद्य जे. एस. कोएन सांगत होते, डुकरांना झालाय तो माणसांचाच फ्लू. डुकरांचे व्यापारी त्यांच्यावर भडकले. धंद्यापुढे निदान कोणाला आवडतं?

देवाणघेवाण दोन्हीकडून चालते, हे अमेरिकेतल्या जत्रांनीही दाखवलं. शेतकऱ्यांची मुलं आपापली डुकरं सजवून स्पर्धेत उतरवतात. २०१२च्या एका हंगामात अशा जत्रांतून तीनशेहून अधिक लोकांना डुकरांचा फ्लू झाला, त्यात मुलंच जास्त.

घोडा शिंकला, बोस्टन जळलं

१८७२च्या शरदात टोरांटोच्या घोड्यांना फ्लू झाला आणि बघता बघता अमेरिकाभर तबेले खोकू लागले. गाड्या बंद, मालाची ने-आण बंद. नोव्हेंबरात बोस्टनला प्रचंड आग लागली तेव्हा अग्निशामक दलाचे घोडे आजारी, पंप माणसांनी ओढत नेले. ७७६ इमारती गेल्या. सगळा दोष घोड्यांचा नाही, अरुंद गल्ल्यांचा आणि लाकडी छपरांचाही होता.

घोड्यांचा एच३एन८ फ्लू १९६३मध्ये मायामीत पहिल्यांदा आढळला. चाळीस वर्षं तो घोड्यांतच राहिला. मग २००४मध्ये फ्लोरिडातल्या शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत उतरला, आठही तुकडे घोड्याचेच घेऊन. पिसापिशी न करताही उडी मारता येते, याचा हा पुरावा. त्याच एच३एन८ने २००८मध्ये जम्मूतल्या कटऱ्याला वैष्णोदेवीच्या वाटेवरची खेचरं आणि घोडे आजारी पाडले आणि तिथून तो देशात पसरला.

नवापूर ते गोरेवाडा

भारतात कोंबड्यांचा एच५एन१ पहिल्यांदा सापडला तो नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला, फेब्रुवारी २००६मध्ये. (हे तेच नवापूर, जिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. विषाणूलाही हद्दीचं वावडं नाही.) आधी सगळ्यांना वाटलं, कोंबड्यांचा राणीखेत रोग असेल. भोपाळच्या प्रयोगशाळेने खरं काय ते सांगितलं आणि लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या.

बदकाला न बाधणारा विषाणू कोंबडीला का मारतो? विषाणूच्या ‘एच’ प्रथिनाला पेशीत शिरण्याआधी एक काप लागतो. तो काप देणारी विकरं साधारणपणे आतड्यात आणि श्वासमार्गातच असतात, म्हणून आजार तेवढ्यापुरता राहतो. पण खच्चून भरलेल्या खुराड्यांत एच५ आणि एच७ या प्रकारांच्या कापाच्या जागी काही जादा अमिनो आम्लं जमतात. मग शरीरातल्या कुठल्याही पेशीत काप मिळतो, आणि कोंबडी दोन दिवसांत आडवी.

अशा कोंबड्या कच्च्या खाऊ घातल्या की मांजरकुळाचं काय होतं, हे २००४मध्ये थायलंडच्या एका व्याघ्र उद्यानाने पाहिलं, ४४१ वाघांपैकी १४७ गेले. नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात २०२४च्या डिसेंबरअखेर तीन वाघ आणि एक बिबट्या याच एच५एन१ने दगावले.

आणि तरीही लस अंड्यातूनच

फ्लूच्या बहुतेक लशी अजूनही कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात. एच५एन१ अंड्यातला गर्भच मारून टाकतो, लस बनायची कशी? शास्त्रज्ञ त्या जादा अमिनो आम्लांचा भाग कापतात आणि स्वतःच पत्ते पिसतात. सहा तुकडे १९३४मध्ये पोर्तो रिकोत सापडलेल्या पीआर८ या जुन्या विषाणूचे, एच आणि एनचे दोन हव्या त्या नव्याचे. पीआर८ला इतकी वर्षं उंदरांत आणि अंड्यांत वाढवलंय की माणसाला आजारी कसं पाडायचं, हेच तो विसरून गेलाय.