आजार टाळणं खरंच स्वस्त पडतं का? दारव्ह्यातून मांडलेला हिशोब

"उपचारापेक्षा प्रतिबंध स्वस्त" हे वाक्य तुमच्या संशोधन प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात असेल, तर समोर बसलेला परीक्षक दोन प्रश्न विचारणार हे नक्की. स्वस्त कोणासाठी? आणि किती वर्षांनी? दीर्घकालीन आजारांच्या अर्थशास्त्रातला बराचसा वाद या दोन प्रश्नांभोवतीच फिरतो.

आधी आवाका बघू. आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाचे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे: देशात मधुमेही 10.1 कोटी, मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे 13.6 कोटी आणि उच्च रक्तदाब असलेले 31.5 कोटी. हार्वर्ड आणि वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या 2014 च्या अहवालात 2012 ते 2030 या काळातलं भारताचं नुकसान 4.58 लाख कोटी डॉलर धरलं आहे. हृदयविकार, कर्करोग, मधुमेह, श्वसनाचे आजार आणि मानसिक आजार, सगळे मिळून. एवढा मोठा आकडा पाहून माणूस दबून जातो, पण त्यातून समजत काहीच नाही. म्हणून एकच तुकडा घेऊ, आणि तोही आपल्या ओळखीचा: तंबाखू.

महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली 2012 मध्ये. पण आपल्याकडे विदर्भात पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा असतो. सुपारी, तंबाखू, चुना. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. त्यात धूम्रपान करणारे फक्त 3.8 टक्के, धूरविरहित तंबाखू खाणारे 24.4 टक्के (काही जण दोन्ही करतात, म्हणून बेरीज जुळत नाही). म्हणजे आपल्या राज्याचा प्रश्न सिगारेटपेक्षा तोंडातल्या तोबऱ्याचा जास्त आहे. आधी तिखट सोसत नाही, मग तोंड उघडेनासं होतं, आणि त्यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो.

आता पैसे. 2017-18 मध्ये तंबाखूमुळे होणारे आजार आणि मृत्यू यांचा देशावरचा बोजा 1,77,341 कोटी रुपये होता, असं एका अभ्यासात काढलं आहे. वय 35 च्या पुढच्यांचा हा हिशोब, जीडीपीच्या साधारण 1 टक्का. यातला उपचार, प्रवास वगैरे प्रत्यक्ष खर्च फक्त 22 टक्के. उरलेले 78 टक्के अप्रत्यक्ष, म्हणजे आजारपणात बुडालेली कमाई आणि अकाली गेलेला माणूस जगला असता तर त्याने पुढे जे कमावलं असतं ते. त्याच्या आदल्या वर्षी तंबाखूवर मिळालेलं उत्पादन शुल्क या बोजाच्या 12.2 टक्केच भरतं.

माझ्या मते सगळा मुद्दा या 22 आणि 78 मध्ये आहे. समजा, दारव्हा तालुक्यातल्या एका शेतमजुराला तोंडाचा कर्करोग झाला. नागपुरातल्या शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होईल. सरकारच्या वहीत तेवढीच रक्कम दिसते. पण वेचणीच्या हंगामात त्याची आणि सोबत गेलेल्या बायकोची मजुरी बुडाली, घरखर्चासाठी उसने घ्यावे लागले, ते कोणत्याच खात्याच्या वहीत येत नाही. आजार टळला असता तर फायदा मुख्यतः या घराला झाला असता, आणि खर्च मात्र आरोग्य खात्याने केला असता. खर्च करणारा एक, फायदा होणारा दुसरा. वित्त विभागाला प्रतिबंध पटत नाही तो यामुळे. त्यात अडाणीपणा काही नाही.

उलट बाजूही लिहायला हवी. न्यू इंग्लंड जर्नलमध्ये 2008 मध्ये कोहेन, न्यूमन आणि वाइनस्टीन यांनी शेकडो अभ्यास तपासून दाखवलं की बहुसंख्य प्रतिबंधक उपाय पैसे वाचवत नाहीत. ते पैसे खर्च करून आरोग्य विकत घेतात, काही स्वस्तात, काही महागात. उपचारांचंही तसंच. म्हणून "पैसे वाचतात का" हा प्रश्न मोडीत काढा. "मिळालेलं आरोग्य त्या किमतीला परवडतं का" असं विचारा.

हे प्रत्यक्ष कसं मोजतात? आपल्या देशातलं उत्तम उदाहरण म्हणजे चेन्नईच्या रामचंद्रन यांच्या गटाचा अभ्यास, 2006 चा. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे 531 लोक, चार गट, तीन वर्षं. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात 55 टक्क्यांना मधुमेह झाला. चालणं आणि आहार यांचा पाठपुरावा केलेल्या गटात 39.3 टक्क्यांना. फरक 15.7. शंभराला 15.7 ने भागा: 6.4. म्हणजे साडेसहा माणसांमागे लागलं, तर एकाचा मधुमेह त्या काळापुरता टळतो. माणशी जादा खर्च 164 डॉलर (225 वजा 61), म्हणून एक मधुमेह टाळायची किंमत 1,052 डॉलर. कागद-पेन घेऊन हा गुणाकार स्वतः करा, किंचित फरक येईल तो पूर्णांकांचा. शोधनिबंध वाचायची माझी पद्धत हीच आहे.

आता दुसरा प्रश्न, किती वर्षांनी. खर्च आज होतो, फायदा वीस वर्षांनी. अर्थशास्त्रात पुढच्या रुपयाची किंमत कमी धरतात. 3 टक्के दराने वीस वर्षांनंतरचे 100 रुपये आज 55 होतात, 8 टक्क्यांनी जेमतेम 21. दर बदलला की तोच कार्यक्रम परवडणारा किंवा न परवडणारा ठरतो. कुठलाही अभ्यास हातात आला की निष्कर्षाआधी हा दर शोधा. तळटीपेत दडलेला असतो.

आणखी एक खटकणारी गोष्ट. अप्रत्यक्ष खर्च कमाईवर मोजला, की कमी मजुरीच्या माणसाचं आयुष्य स्वस्त ठरतं. तंबाखूच्या त्या बोजात पुरुषांचा वाटा 91 टक्के आहे. पुरुष तंबाखू जास्त खातात हे खरं, पण बाईच्या चूल-पाण्याला आणि गोठ्यातल्या कामाला या पद्धतीत भाव नाही, हेही तितकंच खरं.

शेवटी एक खर्च, जो बहुतेक जण विसरतात. चेन्नईच्या अभ्यासात उंबरठ्यावरचा एक माणूस शोधायलाच 117 डॉलर लागले. 1,052 मध्ये ते धरलेले नाहीत. आशाताई तिशीपुढच्यांचा तपासणी फॉर्म भरतात, ते सोपं. पण ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त द्यायचं, तेही उपाशीपोटी सकाळी येऊन, म्हणजे वेचणीला जाणाऱ्या बाईचा निम्मा दिवस गेला. तुमच्या प्रस्तावातल्या खर्चाच्या तक्त्यात तिच्या त्या निम्म्या मजुरीला रकाना आहे का, ते आधी बघा.