मनोरे पॅरामाटात, निर्णय सिडनीत

2018 मध्ये न्यू साउथ वेल्स राज्याच्या नियोजनकारांनी सिडनी महानगराचा नवा आराखडा जाहीर केला. यापुढे सिडनीकडे एकच शहर म्हणून न पाहता तीन शहरांचा समूह म्हणून पाहावं, असं त्यात म्हटलं होतं : पूर्वेचं बंदराकाठचं, मधलं नदीकाठचं आणि पश्चिमेचं नव्या विमानतळाभोवती वाढणारं. नदीकाठचं शहर म्हणजे पॅरामाटा. मूळ सिडनीपासून हे सुमारे 24 किलोमीटर पश्चिमेला आहे. ‘सिटी ऑफ पॅरामाटा’ या नगरपालिका क्षेत्राचा विस्तार जेमतेम 84 चौरस किलोमीटर, आणि 2021च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 2,56,729. गेल्या दहा वर्षांत इथे उंच कार्यालयं उभी राहिली, नवं स्टेडियम झालं, डिसेंबर 2024 मध्ये ट्राम धावू लागली आणि भुयारी मेट्रोचं काम सुरू आहे. पॅरामाटा आता उपनगर राहिलेलं नाही, असं म्हणायला हा पुरावा पुरेसा वाटतो. पण शहरपण इमारतींच्या उंचीवर ठरत नाही. आपल्या हद्दीत काय व्हावं हे ठरवण्याची ताकद गावाकडे किती आहे, यावर ते ठरतं. या कसोटीवर पॅरामाटा अजूनही उपनगरच आहे, आणि हा दोष तिथल्या लोकांचा नाही, व्यवस्थेचा आहे.

ही व्यवस्था आपल्याकडच्या महापालिकांपेक्षा बरीच वेगळी आहे. ऑस्ट्रेलियात नगरपालिकेला कौन्सिल म्हणतात. कचरा उचलणं, गल्लीतले रस्ते, बागा, ग्रंथालयं, पाळणाघरं आणि बांधकामाचे परवाने ही कौन्सिलची कामं. सिडनीत शाळा, रुग्णालयं, पोलीस, पाणीपुरवठा, बस आणि रेल्वे यांपैकी काहीही तिच्या हातात नाही. हे सगळं राज्य सरकार पाहतं. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत स्थानिक स्वराज्य संस्थांचा उल्लेखच नाही. तो यावा म्हणून 1974 आणि 1988 साली सार्वमत घेतलं गेलं आणि दोन्ही वेळा मतदारांनी नकार दिला. त्यामुळे कौन्सिल ही राज्याच्या कायद्याने जन्माला येते आणि राज्याला वाटेल तेव्हा तिचा आकार बदलतो. आपल्याकडे 74व्या घटनादुरुस्तीने महापालिकांना निदान घटनेत जागा मिळाली. तरीही मुंबई महापालिकेवर मार्च 2022 पासून प्रदीर्घ काळ प्रशासक होता. घटनेतली जागा पुरेशी नसते, हे त्यावरून आपल्याला ठाऊक आहे. तीही नसेल तर काय होतं, ते पॅरामाटात दिसतं.

12 मे 2016 रोजी राज्य सरकारने एका फर्मानाने पॅरामाटाची जुनी कौन्सिल बरखास्त केली. दक्षिणेचा ग्रॅनव्हिलकडचा भाग तोडून नव्याने निर्माण केलेल्या कंबरलँड कौन्सिलला जोडला गेला. उत्तरेला एपिंग आणि कार्लिंगफर्डकडचे भाग आणि पूर्वेला सिडनी ऑलिंपिक पार्क पॅरामाटात आले. कष्टकरी स्थलांतरितांची वस्ती बाहेर गेली आणि महानगराचं सर्वांत मोठं क्रीडासंकुल आत आलं. सप्टेंबर 2017च्या निवडणुकीपर्यंत, म्हणजे सोळा महिने, कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकाने पाहिला. या भागाच्या हद्दी पूर्वीही बदलल्या आहेत. 1949च्या सुरुवातीला ग्रॅनव्हिल, डंडस आणि एर्मिंग्टन-रायडलमियर या नगरपालिका पॅरामाटातच विलीन केल्या होत्या. म्हणजे जवळजवळ सात दशकं ज्या ग्रॅनव्हिलने पॅरामाटाच्या ग्रंथालयांसाठी आणि बागांसाठी घरपट्टी भरली, ते एका सकाळी परक्या हद्दीत गेलं. हद्दी बदलणं गैर नाही. मात्र ज्यांची हद्द बदलते त्यांच्या मताला वजन नसणं गैर आहे.

याच काळात घडलेली जलतरण तलावाची गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. पॅरामाटा समुद्रापासून दूर. उन्हाळ्यात किनाऱ्यावर खारा वारा सुटतो तेव्हा इथे पारा 40 अंशांच्या पुढे जातो. अशा गावात सार्वजनिक तलाव ही चैन नसते. मुलं तिथे पोहायला शिकतात, म्हाताऱ्यांचे दुखरे गुडघे तिथे मोकळे होतात. युद्धस्मारक म्हणून बांधलेला असा तलाव जुन्या स्टेडियमला लागून होता. राज्याने तिथे मोठं नवं स्टेडियम बांधायचं ठरवलं आणि 2017 मध्ये तलाव बंद होऊन पाडला गेला. स्टेडियम 2019 मध्ये सुरू झालं. नवा तलाव, राज्याने काही वाटा दिल्यावर आणि बाकीचा भार कौन्सिलने उचलल्यावर, सप्टेंबर 2023 मध्ये खुला झाला. मधल्या सहा उन्हाळ्यांत अडीच लाखांच्या या ‘दुसऱ्या शहरा’ला स्वतःचा मुख्य तलाव नव्हता. स्टेडियम चांगलं आहे, त्याची गरजही असेल. पण आधी काय आणि नंतर काय हे गावाने ठरवलं असतं, तर हाच क्रम लागला असता का?

पैशाच्या बाबतीत हा प्रश्न आणखी स्पष्ट होतो. कौन्सिलचं मुख्य उत्पन्न घरपट्टी, आणि ती दरवर्षी किती वाढवायची याची कमाल मर्यादा राज्याचं नियामक मंडळ ठरवतं. शिवाय न्यू साउथ वेल्समध्ये घरपट्टी इमारतीवर नव्हे, केवळ जमिनीच्या किमतीवर आकारतात. याचा परिणाम समजून घ्यायला हवा. एका भूखंडावर एकच बंगला असला की जमिनीची पूर्ण किंमत त्या एका घरावर मोजली जाते. त्याच जागी शंभर सदनिकांचा मनोरा आला की तीच किंमत शंभर जणांत वाटली जाते आणि बहुतेकांना किमान घरपट्टीच लागते. माणसं शंभर पटींनी वाढतात, उत्पन्न त्या मानाने फारच कमी वाढतं. ग्रंथालयातल्या खुर्च्या, बागेतले झोपाळे आणि गटारं मात्र माणसांच्या संख्येवर ठरतात. इमारतीसह एकूण किमतीवर घरपट्टी लावावी, अशी शिफारस नियामक मंडळानेच 2016 मध्ये केली होती. सरकारने ती मानली नाही. अलीकडे कमाल मर्यादेत लोकसंख्यावाढीचा विचार होऊ लागला, हे पाऊल स्वागतार्ह आहे, पण मूळ विसंगती कायम आहे.

इतक्या मर्यादेतही कौन्सिल काय करू शकते, याचं उत्तर पॅरामाटा स्क्वेअरमध्ये मिळतं. टाउन हॉल, सेंट जॉन्स कॅथीड्रल आणि रेल्वे स्टेशन यांच्यामधली सुमारे तीन हेक्टर जागा कौन्सिलने पुढाकार घेऊन विकसित केली. भोवती कार्यालयांचे मनोरे आले, पण मधला चौक लोकांसाठी मोकळा ठेवला आणि 2022 मध्ये तिथेच ‘फाइव्ह’ ही सार्वजनिक इमारत खुली झाली. तिच्यात ग्रंथालय, बैठकांच्या खोल्या आणि नगरसेवकांचं सभागृह एकाच छताखाली आहेत. तिचं लाल छप्पर मुद्दाम उतरतं ठेवलं आहे, कारण चौकातलं ऊन अडू नये असा नियम होता. पुस्तक वाचायला आलेला विद्यार्थी आणि घरपट्टीची तक्रार घेऊन आलेला नागरिक एकाच दारातून आत जातात. उन्हाचा एवढा विचार तिथे रोज वावरणाऱ्यांशी बांधील असलेली संस्थाच करते. पलीकडे हॅरिस पार्क या वस्तीत जुन्या बैठ्या घरांमधून डोसा, चाट आणि मिठाईची दुकानं फुलली आहेत. 1793 साली बांधायला घेतलेलं एलिझाबेथ फार्म हे घर शेजारच्याच वस्तीत आहे. फुटपाथवर किती टेबलं मांडू द्यायची आणि जुनी घरं कशी जपायची, हे तोल सांभाळण्याचं काम बारीक स्थानिक माहितीशिवाय होत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की कौन्सिल आपल्यापुरतं पाहते. घराशेजारी सदनिका नकोत म्हणणाऱ्या जुन्या रहिवाशांचा आवाज तिथे मोठा असतो. घरांच्या टंचाईने होरपळणाऱ्या महानगराला हे परवडणारं नाही, आणि मेट्रोचा मार्ग एकेका कौन्सिलने आखायचा नसतो. हे मान्यच आहे. महानगराला किती घरं हवीत हे राज्याने ठरवावं. पण ती कुठे, किती उंच आणि कोणत्या सोयींसह, हे गावाने ठरवावं. शिवाय पॅरामाटा घरं नाकारणारं गाव नाही; तिथले मनोरेच त्याचे साक्षीदार आहेत. दुसरा आक्षेप हितसंबंधांचा : नगरसेवक बिल्डरांच्या फार जवळ असतात. ही भीती खरी असते, म्हणून तर राज्याने 2009 मध्ये बिल्डरांच्या राजकीय देणग्यांवर बंदी घातली. पण मोठ्या प्रकल्पांचे निर्णय वर नेल्याने हितसंबंध संपत नाहीत, ते सामान्य माणसाच्या नजरेआड होतात. नगरसेवकाला सभेत गाठून जाब विचारता येतो; मंत्रालयातल्या फाइलला विचारता येत नाही.

म्हणून मागणी अवाजवी नाही. रहिवाशांच्या मतदानाशिवाय हद्दी बदलू नयेत, घरपट्टीची आकारणी माणसांच्या संख्येशी सुसंगत असावी, आणि राज्य जे पाडेल त्याची पर्यायी सोय आधी उभी करावी. या तीन गोष्टी मेट्रोपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत. त्या मिळवण्यात तिथे स्थायिक झालेल्या भारतीयांचा, आणि त्यांतल्या मराठी माणसांचाही वाटा असू शकतो. हॅरिस पार्कमधले जवळपास निम्मे रहिवासी भारतात जन्मलेले आहेत आणि 2023 मध्ये समीर पांडे पॅरामाटाचे लॉर्ड मेयर झाले. पण कौन्सिलच्या निवडणुकीत मत देण्यासाठी ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व लागतं, भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, आणि त्यामुळे अनेक जण वर्षानुवर्षं घरपट्टी भरूनही मतदार यादीबाहेर राहतात. पासपोर्ट बदलायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र कौन्सिलच्या आराखड्यांवर हरकती आणि सूचना कोणताही रहिवासी नोंदवू शकतो, आणि हा अधिकार वापरायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. पॅरामाटाला खऱ्या अर्थाने शहर व्हायचं असेल, तर त्याची सुरुवात तिथे राहणाऱ्यांनी निर्णयात आपला वाटा मागण्यापासूनच व्हायला हवी.